'कौन' (१९९९): शेवटासाठी नको, दारातल्या माणसासाठी बघा

कृष्णाकाठ (सांगली)

सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हटलं की आमच्या कट्ट्यावर कोरियन नाहीतर मल्याळम सिनेमांची नावं निघतात. चांगलेच असतात, वाद नाही. पण हिंदीतला 'कौन' कुणी काढत नाही, आणि काढलाच तर "शेवट भारी आहे" एवढ्यावर विषय संपतो. माझ्या मते शेवट ही त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट.

'सत्या'च्या पुढच्याच वर्षी राम गोपाल वर्मानं हा आणला, लिहिलाय अनुराग कश्यपनं. बाहेर धो धो पाऊस, टीव्हीवर खुनी मोकाट फिरत असल्याची बातमी, बंगल्यात एकटी उर्मिला मातोंडकर. बेल वाजते, बाहेर मनोज वाजपेयी. तिसरं पात्र सुशांत सिंगचं. गाणं एकही नाही, साधारण दीड तासात खेळ खल्लास.

तो मल्होत्रासाहेबांची चौकशी करतो. ती म्हणते, इथं कुणी मल्होत्रा राहत नाही. झालं, निघायला हवं ना? निघत नाही. परत बेल. गोड बोलतोय, हसतोय, भिजलोय म्हणतोय. ती ठोकून देते की नवरा वर झोपलाय. हा गडी त्याच्याबद्दलही चौकशी सुरू करतो. शिवीगाळ नाही, हत्यार नाही, तरी आपण मनात म्हणत राहतो, बाई, कडी काढू नकोस. आणि स्वतःचं 'समीर पूर्णवाले' हे नाव तो अशा थाटात सांगतो की हसावं का घाबरावं, कळत नाही. भिडेखातर कुणाला घरात घेऊन मग पस्तावलेल्या प्रत्येकाला हे झोंबणार.

शेवट फोडायचा असेल तर वर तसं लिहा, एवढी विनंती.

हरभट रोड

दुर्लक्षित कसला, मालक? टीव्हीवर कितीदा लागून गेलाय. थेटरात चालला नाही म्हणजे अन्यायच झाला असं थोडंच असतंय. संदीप चौटाचं पार्श्वसंगीत आठवा. मांजर आलं, दणका. दिवे गेले, दणका. भीती वाटत नाही, दचकायला होतंय फक्त. दचकवायला काय, फटाकडी पण पुरते.

कृष्णाकाठ

संगीताचं मान्य, काही जागी कान किटतात. म्हणूनच दारातला प्रसंग म्हणतोय. तिथं सगळी मदार दोघांच्या बोलण्यावर आहे.

तिसरी घंटा

मला हा सिनेमा वाटलाच नाही. तीन पात्रं, एक घर, बंद दार, ही एकांकिका झाली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात, त्यामुळे असलं काही दिसलं की आमचे डोळे आपोआप रंगमंचाकडं वळतात. हेच भावे नाट्यमंदिरात केलं असतं तर जास्त रंगलं असतं. गाणी नसल्याचं कौतुकही फार नको. यश चोप्रांनी १९६९ साली 'इत्तेफाक' बिनगाण्याचाच केला होता, आणि तो तर गुजराती नाटकावरूनच घेतलेला.

कृष्णाकाठ

दादा, रंगमंचावर दाराच्या दोन्ही बाजू प्रेक्षकाला एकदम दिसतात. बाहेरचा काय करतोय ते आपल्याला ठाऊक, बाईला नाही. इथं कॅमेरा आपल्याला बहुतेक वेळ तिच्या शेजारी आत उभं करतो. बेल वाजायची थांबली की तो गेला का मागच्या बाजूला वळला, हे तिच्याइतकंच आपल्यालाही कळत नाही. नाटकात हे कसं बसवणार, सांगा की.

तिसरी घंटा

प्रकाशयोजना नावाची एक गोष्ट असते, साहेब. पण मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

विश्रामबाग

*(पुढं शेवट फोडलाय. बघितला नसेल तर खाली जाऊ नका.)*

खुनी तीच निघते. बरं. मग सुरुवातीला घरात दुसरं कुणी नसताना ती एवढी घाबरते कुणाला? नाटक करायला समोर माणूस तरी पाहिजे. प्रेक्षकाला गंडवायचं म्हणून केलेलं आहे हे, दुसरं काही नाही. राव, ही सरळ सरळ चीटिंग आहे.

कृष्णाकाठ

ती नाटक करतच नाही. तिची भीती खरी आहे. तिच्या डोक्यात प्रत्येक आवाज म्हणजे कुणीतरी मारायला आलेलं, आणि म्हणूनच ती मारते. शेवट ठाऊक असताना परत बघा. पहिल्या वेळी आपण तिच्यासाठी घाबरतो, दुसऱ्या वेळी त्या बडबड्या समीरसाठी. आत घे म्हणून गयावया करणारा तोच असतो, आणि आता आपण त्याला म्हणतो, बाबा, भिजत जा पण जा. संवाद तेच, जीव टांगणीला लागतो तो मात्र दुसऱ्याचा.

विश्रामबाग

हे तुम्ही लावलेलं गणित झालं. सिनेमात तसं एक वाक्य तरी आहे का?

कृष्णाकाठ

वाक्य नाही, उर्मिलाचा चेहरा आहे. तेवढा पुरे.

मिरजवाली

चेहरा मलाही पटला. उर्मिलाबद्दल तक्रारच नाही, 'रंगीला'नंतर तिच्यात एवढं असेल असं वाटलं नव्हतं. पण मी दवाखान्यात काम करते, म्हणून एक सांगते. डोक्यावर परिणाम झालेला म्हणजे खुनी, हे समीकरण असल्या सिनेमांनी लोकांच्या मनात घट्ट बसवलंय. प्रत्यक्षात मानसिक आजार असलेल्यांतले बहुतेक लोक कुणाच्या वाटेला जात नाहीत, उलट मार तेच जास्त खातात. असं पेशंट घरात असलं तर घरचे शेजाऱ्यांपासून लपवतात, उपचाराला उशीर होतो. तुमचा दीड तास थरारात जातो, इकडं त्या घरातल्या बाईची कडी आतून लागते ती लागतेच.

हरभट रोड

ताई, मग थ्रिलरच काढू नयेत का? शेवटी खुनी कुणीतरी निघायलाच पाहिजे.

मिरजवाली

निघू दे की. पण खून का केला याचं उत्तर "वेडी होती" एवढंच असेल तर लेखकानं कष्ट कुठं घेतले? समीरचा चिवटपणा किती बारकाईनं लिहिलाय बघा. तेवढी बारकाई तिच्या आजाराला का नाही?

कृष्णाकाठ

याला माझ्याकडं उत्तर नाही. तिचं पूर्वायुष्य न सांगण्यानंच रहस्य टिकतं, असं मी म्हणेन, पण तुम्हाला ते पटणार नाही. तरी ज्यांनी बघितलेला नाही त्यांना बघाच म्हणेन. रात्री, दिवे घालवून, आणि आवाज जरा कमी ठेवून.

हरभट रोड

आवाज कमी! म्हणजे माझंच खरं.