रोझा पार्क्सना ‘दमलेली शिवणकाम करणारी बाई’ बनवणारी चित्रपुस्तकं मुलांना द्यावीत का?

पुस्तकपेटी
फेब्रुवारीत अमेरिकेतल्या शाळा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात, आणि तिथले मराठी पालक विचारतात की पाच ते आठ वर्षांच्या मुलासाठी नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंवरचं कोणतं पुस्तक घ्यावं. ‘दिवसभर शिवून दमलेली एक साधी बाई बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नाही आणि कायदा बदलला’ एवढ्यावर जे पुस्तक संपतं, ते घेऊ नका. हे माझं मत.

१ डिसेंबर १९५५ ला अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीत अटक झाली तेव्हा पार्क्स ४२ वर्षांच्या होत्या. चित्रांत त्यांना आजीबाई का करतात, देव जाणे. रोजच्यापेक्षा जास्त दमले नव्हते, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलंय. शिवणकाम खरंच करायच्या, पण एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेचं सचिवपदही १९४३ पासून सांभाळत होत्या. १९५५ च्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांना तयार करणाऱ्या शाळेच्या कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या. आणि गोऱ्यांच्या राखीव जागेवर त्या बसल्याच नव्हत्या! पुढच्या १० जागा राखीव, त्यामागच्या ओळीत त्या होत्या. पुढे जागा उरली नाही आणि एक गोरा प्रवासी उभा राहिला, म्हणून ड्रायव्हरने त्या ओळीतल्या चौघांनाही उठायला सांगितलं. तिघं उठले.

आडवाट
सगळं खरं, पण हे घालणार कुठे? चित्रपुस्तक ३२ पानांचं असतं, कारण छापील कागदाची घडी सोळा सोळा पानांची पडते. शीर्षक, श्रेय वगैरे वजा केलं की हातात १२ ते १४ जोडपानं आणि फार तर हजार शब्द. शाखा, सचिव, कार्यशाळा समजावण्यात दोन जोडपानं गेली की पोरगं उठून खेळायला जातं. लहान मूल एका माणसाचा हात धरून गोष्टीत शिरतं. ‘दमलेली’ काढा, वय सुधारा. नायिका एकच राहू द्या.

पुस्तकपेटी
एकच ठेवली की पुढचे ३८१ दिवस गायब होतात. ५ डिसेंबर १९५५ ते २० डिसेंबर १९५६ एवढा काळ शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. आणि मुलांना तोच भाग आवडतो, कारण त्यात खटपट आहे. आधी टॅक्सीवाले बसच्या भाड्यात, म्हणजे १० सेंटमध्ये नेत होते. शहराने किमान ४५ सेंटचा नियम दाखवून ते बंद पाडलं. मग खासगी गाड्या जमवल्या, चढायच्या-उतरायच्या जागा ठरवल्या, चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या. तर विमा कंपन्यांनी विमे रद्द केले. शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवावा लागला. यातलं टॅक्सीचं गणित एका जोडपानात बसतं. विमा सोडून देऊ हवं तर.

सुईदोरा
दोघांचंही एक राहिलं. ‘आणि कायदा बदलला’ हे वाक्यच चूक आहे, आणि ते बऱ्याच पुस्तकांच्या शेवटच्या पानावर असतं.

पार्क्स यांना १० डॉलर दंड आणि ४ डॉलर कोर्टखर्च झाला. त्यांचं अपील राज्याच्या कोर्टांत रेंगाळण्याची भीती होती, म्हणून वकील फ्रेड ग्रे यांनी १९५६ च्या फेब्रुवारीत फेडरल कोर्टात वेगळा खटला भरला: ब्राउडर विरुद्ध गेल. त्यात पार्क्स नाहीत. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्व्हिन या चौघी आहेत. ५ जूनला तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक असा निकाल दिला की बसमध्ये वर्णावरून वेगळं बसवणं घटनाबाह्य आहे, १३ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. आदेश मॉन्टगोमेरीत पोचला तेव्हा बहिष्कार मागे घेतला गेला.

चित्रांतही घोटाळे असतात. खिडकीबाहेर बघणाऱ्या पार्क्स आणि मागच्या बाकावर टोपीवाला गोरा माणूस, हा फोटो २१ डिसेंबर १९५६ चा, म्हणजे जिंकल्यानंतरचा, छायाचित्रकारांसाठी बसून काढलेला. तो माणूस वार्ताहर आहे. चित्रकार त्यालाच जागा मागणारा प्रवासी करून टाकतात. बोटांचे ठसे घेतानाचा फोटोही पहिल्या अटकेचा नाही; २२ फेब्रुवारी १९५६ ला बहिष्काराच्या पुढाऱ्यांना धरलं, तेव्हाचा आहे. दुकानात पुस्तक उघडून आधी ही दोन पानं बघावीत.

आडवाट
ही तपासणी पालकाने करावी हे मान्य. पण चार वादींची नावं सहा वर्षांच्या मुलासमोर वाचून दाखवा आणि बघा. ही माहिती शेवटच्या ‘मोठ्यांसाठी टीप’ या पानावर जावी. ते पान असतंच त्यासाठी.

तिरकस
त्या टिपेवर फार विसंबू नका. २०१६ मध्ये स्कॉलॅस्टिक या प्रकाशन संस्थेने जॉर्ज वॉशिंग्टनच्या हर्क्युलीस या गुलाम आचाऱ्यावरचं चित्रपुस्तक प्रकाशनानंतर काही दिवसांतच मागे घेतलं. चित्रांत गुलाम हसतमुख. हर्क्युलीस पुढे पळून गेला हे मागच्या टिपेत. मूल टीप वाचत नाही, चित्र बघतं. चित्र खोटं पडलं तर टीप काय करणार?

ह्यूस्टनकर
मला वेगळीच धास्ती वाटते. रूबी ब्रिजेस ही कृष्णवर्णीय मुलगी १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्सच्या विल्यम फ्रँट्झ या तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळेत चार मार्शलांबरोबर, म्हणजे केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांच्या संरक्षणात, गेली. बाहेरच्या जमावात एकीच्या हातात शवपेटी आणि तीत काळी बाहुली होती. हे सहा वर्षांच्या मुलाला दाखवायचं? आठपर्यंत थांबलेलं बरं.

तिरकस
रूबी सहा वर्षांचीच होती.

सुईदोरा
शवपेटी गाळा, जमाव गाळू नका. जमावच नसेल तर मार्शल कशाला आले, हे मुलाला कळत नाही आणि तो नेमकं तेच विचारतो. मधला मार्ग म्हणजे रूबीच्या उंचीवरून काढलेलं चित्र: मोठ्यांचे पाय, हात, उघडी तोंडं. आणि पुढच्याच पानावर बार्बरा हेन्री बाई, ज्यांनी वर्षभर एकट्या रूबीला शिकवलं. भीती दाखवली की लगेच आधार दाखवावा, त्यात तीन पानांचं अंतर नको.

भिडे_वाडा
मराठी मुलांना सांगताना एक धागा हाताशी आहे. जोतीरावांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केली आहे.

आडवाट
तोंडी जरूर सांगा. पार्क्सच्या पुस्तकात घुसडू नका म्हणजे झालं.

पुस्तकपेटी
कोल्व्हिनचं काय करायचं ते राहिलंच. २ मार्च १९५५ ला, पार्क्सच्या नऊ महिने आधी, १५ वर्षांची ही मुलगी उठली नाही म्हणून तिला अटक झाली. ती घ्या मुख्य! मुलीला मुलगी जवळची वाटते.

आडवाट
आणि पुढाऱ्यांनी तिला पुढे का केलं नाही, हे काय सांगणार? वय लहान, घर गरीब, आणि पुढे ती गरोदर राहिली.

सुईदोरा
आठच्या खाली पहिली दोन कारणं पुरेत, तीही खरीच आहेत. मात्र ‘ती घाबरली’ किंवा ‘विसरली गेली’ असं गुळमुळीत लिहिलेलं पुस्तक घेऊ नये. तिने कोर्टात साक्ष दिली आहे.

आडवाट
दोन कारणं सांगून तिसरं लपवायचं, आणि पार्क्सच्या पुस्तकाला मात्र अर्धवट म्हणायचं?