दुसरा भाग आधी वाचलाय का कुणी?

भाचीने आज विचारलं, मावशी, कॅप्टन नेमो आपला होता का गं? आणि शाळेचं वाचनालयच डोळ्यासमोर आलं. तिथे ज्यूल व्हर्नचं 'मिस्टीरियस आयलंड' होतं, त्याच्या आधीचं, नेमो आणि त्याच्या नॉटिलस पाणबुडीचं समुद्राखालचं 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' नव्हतंच. त्यामुळे बेटावरच्या माणसांना कोण मदत करतंय हे त्यांच्यासारखंच मलाही माहीत नव्हतं. हर्बर्ट तापाने फणफणलेला, औषध नाही, आणि पहाटे टेबलावर क्विनाइनची डबी! काटा आला होता अंगावर. शेवटी कळतं नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपूचा भाचा, १८५७ मध्ये सगळं गमावलेला. खूप रडले होते. तुमचे असे अनुभव लिहा ना.

---

माझं उलट, नॉटिलस आधी वाचलेलं त्यामुळे डबी दिसताच ओळखलं. तुमचा हेवा वाटतोय खरंच

---

एअर्टन पण आधीच्या पुस्तकातला आहे, कॅप्टन ग्रँटच्या मुलांच्या. ते मिळालंच नाही मला, पण त्या निर्जन बेटावर एकटा राहून माणूसपण हरवलेला एअर्टन जंगल बघून रडतो तिथे काही अडत नाही.

---

मी 'फ्रॉम द अर्थ टू द मून'चा दुसरा भाग, 'अराउंड द मून', आधी वाचलं. व्हर्न सुरुवातीलाच मागची गोष्ट सांगतो सो कळतं सगळं. पण तो सॅटेलाइट कुत्रा!! उड्डाणाच्या हादऱ्याने जातो बिचारा, बाहेर टाकतात तर यानाच्या बरोबरीने तरंगत येत राहतो 😢 कुकर लावलाय नंतर लिहिते

---

अगं नको आठवण करून देऊस, आमचा मोती गेला त्याला महिनाही नाही झाला

---

अरेरे 🙏 काळजी घ्या ताई

---

तारखा जुळवत बसू नका कुणी. समुद्राखालची गोष्ट १८६६ ते ६८ ची आणि बेटावर नेमो म्हातारा होऊन १८६८ लाच जातो. आणि व्हर्नने आधी त्याला पोलिश ठरवलं होतं, प्रकाशक हेत्झेल नको म्हणाला, रशियात पुस्तकं खपायची ना. मला तर आपला डक्कारच पटतो.

---

आम्हाला व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांमुळे. त्यांची जुनी पुस्तकं कुठे मिळतील?

---

पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात विचारून बघा

---

लेक दहा वर्षांची आहे, नेमोचं नाव पण ऐकलेलं नाही. आधी कुठलं देऊ?

---

बेटच द्या! आणि मागचं कव्हर वाचू देऊ नका