जुनी मारुती ८००: स्टीअरिंग अडत अडत फिरतं, रॅक बदलायचा का?

चारगिअर
गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. अख्खा पावसाळा कुडाळला झाडाखाली उभी होती. बाहेर काढल्यापासून स्टीअरिंग जड आहे. सलग जड नाही. फिरवताना एका जागी अडतं, मग सुटतं, पुन्हा अडतं. शिवाय वळण घेतल्यावर आपणहून सरळ होत नाही, ओढून आणावं लागतं.

आतापर्यंत झालेलं काम: हवा बरोबर भरली (टायर १४५/७० आर १२, मूळ मापाचेच), दोन्ही टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांची टोकं) नवीन टाकले, अलाइनमेंट केलं. गॅरेजमध्ये 'प्ले (ढिलेपणा) आहे' म्हणून रॅक (स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा) टाइट करून दिला, त्यानंतर आणखी जड झालं. आता म्हणतात रॅक गेला, नवीन घाला. पुढची दोन्ही चाकं उचलून बघितलं तर एकूण हलकं लागतं, पण अडणं तसंच. रॅकवर पैसे घालण्याआधी काय काय तपासावं?

ग्रीसगन
रॅक सगळ्यात शेवटी. चाकं हवेत असतानाही अडतंय म्हणजे त्या अडण्याचा टायरशी संबंध नाही. ते कॉलम (स्टीअरिंगखालचा दांडा), त्या शाफ्टचा जॉइंट, रॅक नाहीतर बॉल जॉइंट (चाक खालच्या आर्मवर ज्या गोळ्यावर वळतं तो सांधा) यांतलं काहीतरी आहे. नेमकं कुठलं, हे स्टीअरिंग किती किती अंतरावर अडतं त्यावरून बरंचसं कळतं.

चाकं सरळ ठेवून स्टीअरिंगच्या बरोबर माथ्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. किल्ली ऑनवर ठेवा, नाहीतर लॉक पडेल आणि तुम्ही त्यालाच दोष समजाल. पुढची चाकं उचला, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, मागच्या चाकांना दगड लावा. आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा, दोन बोटांनी. जिथे जिथे अडेल तिथे टेप घड्याळात किती वाजल्यासारखी आहे ते कागदावर लिहा.

दर अर्ध्या फेऱ्याला अडत असेल (समजा २ वाजता, मग ८ वाजता, पुन्हा २ वाजता) तर शाफ्टचा क्रॉस जॉइंट (दोन शाफ्ट अधिकच्या आकाराच्या तुकड्याने जोडणारा सांधा) धरलाय. तिथे दोन शाफ्ट एका रेषेत नसतात, कोनात मिळतात, त्यामुळे फिरताना क्रॉसच्या दोन्ही पिना आळीपाळीने डुलाव्या लागतात. त्यातली एक पिन गंजून कपात घट्ट बसली की तिची डुलायची पाळी आली की अडतं, आणि ती पाळी एका फेऱ्यात दोनदा येते. ओलाव्यात उभ्या राहिलेल्या गाडीत माझा पहिला संशय यावरच.

पूर्ण फेऱ्याला एकदाच अडत असेल तर पिनियनचा (रॅकला सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा) दात किंवा बेअरिंग, वाकलेला शाफ्ट, नाहीतर स्टीअरिंगच्या मागचं प्लॅस्टिक कव्हर घासत असेल. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, बाजारातलं स्पोर्ट्स स्टीअरिंग बसवलेल्या गाड्यांत ते सर्रास असतं. कान लावला तर खरखर ऐकू येते.

या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच ठिकाणी अडत असेल तर रॅकचा दांडा वाकलाय किंवा त्या जागी दातांवर गंज चढलाय. मध्ये मोकळं आणि दोन्ही टोकांकडे जड, असं असेल तर रॅकचा स्क्रू (रॅकला पिनियनवर दाबून धरणारा) गरजेपेक्षा जास्त आवळलाय.

नटबोल्ट
वरच्या प्रतिसादाला +१. त्यात एक भर: 'जड' हे हाताला रोज वेगळं लागतं, म्हणून मोजा. प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला काटा घ्या, स्टीअरिंगच्या गोलाच्या आडव्या दांडीजवळ अडकवा आणि गोलाला स्पर्शरेषेत ओढा. फिरायला लागल्यावर काटा काय दाखवतो ते लिहा, हलायच्या क्षणीचा आकडा धरू नका.

मग एकेक भाग सोडवत जा.

पहिल्यांदा दोन्ही टाय रॉड एंड चाकाच्या नकलपासून (चाक ज्यावर बसतं त्या भागापासून) सोडवा. स्प्लिट पिन काढा, नट शेवटच्या दोन आट्यांवर ठेवा आणि पुलर लावा. पुलर नसेल तर नकलच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोड्याचे सणसणीत दोन घाव घाला, टेपर सुटतो. आट्यांवर खालून ठोकू नका. एंड नवे आहेत, फुकट जातील.

आता चाक हाताने डावी-उजवीकडे फिरवा. चाक, बॉल जॉइंट आणि स्ट्रटचं (स्प्रिंग-शॉकअॅब्सॉर्बरच्या उभ्या खांबाचं) वरचं बेअरिंग एवढंच फिरतंय. ते गुळगुळीत फिरायला हवं. मध्येच खटकलं किंवा दगडासारखं वाटलं तर खालचा बॉल जॉइंट. त्याचं रबर फाटलेलं असेल तर पुढचा विचार करायलाच नको. ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटमुळे अगदी टोकाला थोडं ओढल्यासारखं वाटेल, त्याने गोंधळू नका.

दुसरं, टाय रॉड सुटलेलेच ठेवून स्टीअरिंग फिरवा आणि काटा लावा. आता फक्त कॉलम, जॉइंट आणि रॅक. निरोगी गाडीत इथे ढोबळमानाने अर्धा ते पाऊण किलो लागतं. दीड-दोन लागत असेल, किंवा काटा वरखाली नाचत असेल, तर दोष या तिघांतच.

तिसरं, पिनियनवरचा जॉइंट सोडवा. सोडवण्याआधी जॉइंट आणि पिनियन दोन्हींवर पांढऱ्या पेंटची एकच रेघ मारा, नाहीतर स्टीअरिंग वाकडं बसेल. पिंच बोल्ट (जॉइंट शाफ्टवर आवळून धरणारा) सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो पिनियनच्या खाचेतून आडवा गेलेला असतो. जॉइंट निघाला की वरून स्टीअरिंग फिरवा, खाली पिनियन हाताने किंवा पकडीत कापड धरून फिरवा. दोष आता लपू शकत नाही.

निघालेला जॉइंट हातात धरून दोन्ही दिशांना लववून बघा. बोटाच्या जोराने, दोन्हीकडे सारखा लवला पाहिजे. एकीकडे लवतो आणि दुसरीकडे मनगट लावावं लागतं, तर काम झालं.

शॉकअप
अडण्याचं उत्तर वर मिळालंय. मला दुसरं लक्षण जास्त खटकतंय: वळणानंतर सरळ न होणं. जॉइंट धरल्यामुळे ते होऊ शकतं, पण जुन्या ८०० मध्ये स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंगही हेच करतं, आणि ते चाकं उचलल्यावर सापडत नाही. चाक लोंबकळलं की बेअरिंगवरचा भार जातो आणि ते शहाण्यासारखं फिरतं. म्हणून ही तपासणी गाडी जमिनीवर ठेवूनच करायची.

बॉनेट उघडा. एकाने इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग सावकाश टोकापर्यंत फिरवायचं. दुसऱ्याने मडगार्डच्या आत हात घालून स्प्रिंगवर बाहेरून तळवा टेकवायचा. बोटं वेटोळ्यांच्या मध्ये घालायची नाहीत. बेअरिंग ठीक असेल तर स्प्रिंग चाकाबरोबर संथ वळते. धरलेलं असेल तर आधी पीळ भरतो आणि मग 'टंग' करून स्प्रिंग एकदम उडी मारते. स्टीअरिंग सोडल्यावर तोच पीळ चाकाला भलत्याच जागी नेऊन ठेवतो.

हे बेअरिंग बदलायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच. स्ट्रट गाडीवर असो की खाली, स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय मधला नट सोडू नका. दोरीने बांधून, पाय देऊन करणारे आहेत. ती स्प्रिंग जबडा मोडते.

जाता जाता अँटी-रोल बारचे (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) पुढचे रबर बुशही बघा. या गाडीत तो बारच खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो. बुश संपले की चाक थोडं मागे सरकतं, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कल) कमी होतो आणि स्टीअरिंग परतायला आळशी होतं. बुश स्वस्त असतात.

चारगिअर
मोजून बघितलं. टेप ठेवल्यावर अडणं १ आणि ७ वाजता, प्रत्येक फेऱ्यात. टाय रॉड सोडल्यावर दोन्ही चाकं हाताने छान फिरतात. स्टीअरिंगला काटा सव्वा ते अडीच किलो असा नाचतो. पेडलांच्या वर टॉर्च मारला तर जॉइंटच्या एका पिनेभोवती तांबूस पूड दिसते. गंज सोडवायचा स्प्रे मारून दहा मिनिटं फिरवत बसलो, नाचणं जवळजवळ गेलं, पण तरी सगळीकडे सव्वा किलोच्या खाली येत नाही. जमिनीवर डावी स्प्रिंग एकदा उडाली, उजवी संथ.
आता स्प्रेवरच चालवू का?

ग्रीसगन
नाही. स्प्रेने नाचणं गेलं म्हणजे दोषी सापडला, एवढाच त्याचा उपयोग. तो पातळ असतो, सुयांच्या बेअरिंगमधलं उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढतो. पंधरा दिवसांत जॉइंट पुन्हा धरेल, या वेळी जास्त. तांबूस पूड म्हणजे सुया गंजून दळल्या जातायत. आज सैल वाटलेला जॉइंट उद्या खडखडेल. जॉइंट पूर्ण नवा घ्या. नुसता क्रॉस बदलून मिळतो, पण यॉकची (क्रॉसला धरणाऱ्या दुपाखी तुकड्यांची) भोकं गंजाने मोठी झालेली असली तर नवे कप त्यात फिरायला लागतात, म्हणून आधी भोकं बघा. पिंच बोल्टही नवा, ८.८ ग्रेडचा, स्प्रिंग वॉशरसकट.

आणि जॉइंटवर पाणी कुठून आलं तेही शोधा. कार्पेट उचलून खाली हात लावा, पुढच्या काचेचं रबर आणि शाफ्ट जिथे पत्र्यातून खाली जातो तिथलं रबर बघा.

नटबोल्ट
सगळीकडे राहिलेला सव्वा किलो हा रॅकच्या स्क्रूचा. गॅरेजमध्ये प्ले काढायला तोच आवळला. रॅक मधल्या भागात सगळ्यात जास्त झिजतो, कारण गाडी दिवसभर सरळच चालते. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला की न झिजलेल्या टोकांना तो रॅकला पिनियनवर दाबून धरतो.

रॅकच्या पिनियनकडच्या घरात हा स्क्रू असतो, लॉकनटसकट. आताच्या जागी पेंटची खूण करा. लॉकनट सैल करा, स्क्रू एक अष्टमांश फेरा मागे घ्या, काटा लावून टोकापासून टोकापर्यंत बघा. पुन्हा तेवढाच. एकूण पाव फेऱ्यातच फरक पडायला हवा. काटा पाऊण किलोवर येऊन दोन्ही टोकांना सारखा राहिला की थांबा आणि लॉकनट आवळताना स्क्रू धरून ठेवा, नाहीतर तो बरोबर फिरतो. याहून सैल केलात तर खड्ड्यात रॅक खडखडेल, आणि फारच सैल केलात तर दात उडी मारतील. तो धोका पत्करू नका.

सैल करून टोकं मोकळी झाली पण मध्ये प्ले फार उरला, तरच रॅक खरोखर संपला. त्याआधी डाव्या टोकाचा बुश हलतो का बघा. पिनियन उजवीकडे असल्यामुळे डावीकडे रॅक फक्त त्या बुशवर टेकलेला असतो, आणि गॅरेजमध्ये 'रॅक गेला' म्हणतात तेव्हा पुष्कळदा तोच गेलेला असतो.

रॅकच्या टोकाचा बूट (रबरी कव्हर) सरकवून आतलं ग्रीस बोटावर घ्या. पिवळसर आणि चिकट असेल तर राहू द्या. दुधाळ किंवा मातकट असेल तर पाणी शिरलंय. रॅक काढून धुऊन लिथियम ग्रीस भरायचं, बूट आणि क्लिपा नव्या.

कुर्लाप्रोडक्ट
थोडं विषयांतर. हेच सगळं प्रीमियर पद्मिनीला लागू होतं का? तिचं स्टीअरिंगही उन्हाळ्यात जड होतं.

ग्रीसगन
टेप आणि काटा चालेल, पण तिला रॅक नाही, स्टीअरिंग बॉक्स आहे, आणि चाकं किंगपिनवर (उभ्या खिळीवर) वळतात. आधी किंगपिनला ग्रीस भरा आणि चाक उचलूनच भरा. गाडी जमिनीवर असताना एका बाजूला दाब असतो, त्या बाजूला ग्रीस जातच नाही, निपलमधून सगळं दुसरीकडून बाहेर येतं. जुनं काळं ग्रीस येऊन नवं दिसेपर्यंत गन मारत राहायचं. बॉक्सच्या विरुद्ध बाजूला मधला दांडा धरणाऱ्या आयडलर आर्मचा बुशही असाच सुकतो.
बॉक्सचा स्क्रू मात्र चाकं सरळ ठेवूनच बघायचा. बॉक्सच्या आत मधोमध मुद्दाम घट्ट आणि टोकांना सैल असतं, तुम्ही वळवलेल्या चाकांवर प्ले काढलात तर सरळ जाताना बॉक्स जाम होईल. आणि त्यात ९० नंबरचं गिअर तेल प्लगच्या भोकापर्यंत आहे का, हे आधी बघा; ग्रीस कोंबू नका.

शॉकअप
@चारगिअर, क्रम असा ठेवा: आधी जॉइंट, मग रॅकचा स्क्रू, मग डाव्या स्ट्रटचं बेअरिंग. बेअरिंग दोन्ही बाजूंना टाका, कारण उजवंही तेवढंच जुनं आहे. स्ट्रट खाली नकलला दोन बोल्टांनी जोडलेला असतो, काढण्याआधी त्यांच्या जागेची खूण करा, नाहीतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलतो. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, एकदाच.

जॉइंट बसवताना पेंटची रेघ जुळवून पिंच बोल्ट खाचेतून आरपार गेल्याचं टॉर्चने बघा. खाच चुकवून बोल्ट बसला तरी आवळता येतो आणि स्टीअरिंगही फिरतं, पण शाफ्ट वर सरकून सुटू शकतो. आवळून झाल्यावर जॉइंट हाताने वर-खाली ओढून बघा, आणि पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर बोल्टला पुन्हा पाना लावा.