बॉन्डेड, प्रूव्हन आणि स्प्लिट

ताई, दुकानदार ‘ब्रीडिंग पेअर’ म्हणतो म्हणून बजरीगरची (पिंजऱ्यात पाळतात त्या छोट्या पोपटांची) जोडी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. त्याचा अर्थ बरेचदा फक्त एक नर, एक मादी एवढाच असतो. ‘बॉन्डेड’ म्हणजे दोघांचं जमलंय, एकमेकांची पिसं साफ करतात, भरवतात. पण दोन नरही असे जमतात, म्हणून चोचीवरचा भाग बघा: साध्या हिरव्या रंगात मोठ्या नराचा निळा, मादीचा तपकिरी. ‘प्रूव्हन’ म्हणजे त्या जोडीने आधी पिल्लं काढलीत. जास्त पैसे मागत असेल तर पिल्लं दाखवायला सांगाच.

‘स्प्लिट’ हा शब्द राहिलाच, पण पैसे तिथेच जातात. हिरवा पक्षी ‘स्प्लिट ब्लू’ असेल तर निळा रंग अंगात आहे, दिसत नाही. असे दोन जोडले तर सरासरी चारात एक पिल्लू निळं. ल्युटिनोचं (लाल डोळ्यांचा पिवळा पक्षी) मात्र वेगळं: नर स्प्लिट असतो, मादी कधीच नाही. कोणी ‘स्प्लिट ल्युटिनो मादी’ विकत असेल तर सरळ निघून या.

‘क्लिअर’ अंडं म्हणजे न फळलेलं. मादी बसल्यावर आठवडाभराने अंधारात टॉर्चवर धरा. फळलेल्यात लाल, केसासारख्या शिरा पसरलेल्या दिसतात. पिल्लू साधारण 18 दिवसांनी निघतं.

आणि आपल्या नागपुरात एप्रिल-मेमध्ये अंडी घालायची मटकी लावूच नका. 45 अंशांत पिल्लं आत होरपळतात.