३१ डिसेंबर २०२८ चं खग्रास चंद्रग्रहण, लाल चंद्राला सेटिंग काय ठेवू?

रावेरवाला:
३ मार्च २०२६ ला आपल्याकडे चंद्र उगवला तोवर खग्रास संपून गेलं होतं, शेवटचा तुकडा काय तो दिसला. आता पुढचं खग्रास थेट ३१ डिसेंबर २०२८ ला. माझ्याकडे जुना डीएसएलआर, ७०-३०० लेन्स, ट्रायपॉड आहे. पौर्णिमेचा चंद्र बरा येतो पण लाल झाल्यावर काय करायचं? आणि जागा कुठली, सातपुड्यातलं पाल का तोरणमाळ?

धुळेकर:
भो, लाल चंद्र हजारो पटींनी मंद असतो, एकच सेटिंग दोन्हीला चालत नाही. उजळ चंद्राला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, एफ (लेन्सचं छिद्र) ८, शटर १/२५० सेकंद पुरे. खग्रास लागलं की एफ ५.६, आयएसओ १६००, एक सेकंद इथून सुरू कर अन् स्क्रीनवर बघत वरखाली कर. ३०० मिमी झूमला दोन सेकंदांपेक्षा जास्त नको, चंद्र सरकतो अन् कडा पुसट होतात. फोकस मात्र आधीच, उजळ असतानाच मॅन्युअलवर लावून रिंगला टेप मार, लाल झाल्यावर ऑटोफोकस नुसता घुं घुं करत बसतो. किती काळवंडेल ते आधी सांगता येत नाही, १९९१ ला पिनाटुबो ज्वालामुखी फुटल्यावर डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र पार काळा पडला होता.

भरीतप्रेमी_जळगाव:
३१ डिसेंबर म्हणजे शेतात भरीत पार्टी असणारच 😄 कपाशीच्या काड्यांचा धूर लेन्ससमोर येऊ देऊ नका फक्त. खंडग्रास ८:३७ ला, खग्रास ९:४६ ते १०:५८. आमच्या आजीला विचाराल तर वेध लागले की वांगं चुलीवर चढणारच नाही, तिचं तिच्यापाशी, आम्ही ८ च्या आत जेवून घेणार.

चाळीसगावकर:
नुसत्या चंद्रासाठी डोंगर चढायची गरज नाही, गच्चीवरूनही तोच येतो. पण खग्रासात आकाश काळं होतं अन् चंद्राजवळच मृग नक्षत्र असेल, तो वाइड फोटो घ्यायचा तर अंधार पाहिजे. आमची पाटणादेवी सगळ्यात भारी, भास्कराचार्यांच्या नातवाने तिथे मठ काढल्याचा शिलालेख आहे. पण जागा अभयारण्यात येते, रात्री थांबू देतात का ते वनखात्याला आधी विचार.

रावेरवाला:
धन्यवाद भो. पण लाल चंद्राची प्रॅक्टिस कशावर करू?

धुळेकर:
द्वितीया-तृतीयेच्या कोरीचा जो अंधारा भाग अंधुक दिसतो ना, त्याच्यावर कर. एक्स्पोजर साधारण तेवढंच लागतं. अन् २ सेकंदांचा टायमर लाव, बोटाने दाबलं की हललंच समज.