प्रतिसाद: स्पाइसवर्ल्ड, कॅसेट ते २०२२ ची आवृत्ती

दादा, 'नवी आवृत्ती म्हणजे जुनीच गाणी नव्या खोक्यात' हे तुमचं म्हणणं मला काही पटलं नाही. 'स्पाइसवर्ल्ड' हा स्पाइस गर्ल्स या पाच ब्रिटिश गायिकांच्या गटाचा दुसरा अल्बम नोव्हेंबर १९९७ चा, त्यात दहाच गाणी. २५ वर्षं झाली म्हणून २०२२ मध्ये तो पुन्हा काढला, तेव्हा लाइव्ह गाणी घातली आणि 'स्टेप टू मी'सुद्धा. हे गाणं आधी पेप्सीच्या जाहिरात योजनेतूनच मिळायचं, आपल्यापर्यंत कुठून येणार!

आमच्याकडे परभणीला ताईनं कॅसेट आणली होती. लोडशेडिंगमध्ये टेप सेलवर चालायचा. सेल उतरले की 'विवा फॉरेव्हर' जडावल्यासारखं, रडवेलं वाजायचं. मग सेल दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवायचे, की संध्याकाळी तेवढं एक गाणं तरी नीट व्हायचं. मे १९९८ मध्ये पाचजणींपैकी जेरी गटातून बाहेर पडली आणि जुलैत हेच गाणं सिंगल म्हणून आलं. पाचही आवाज असलेलं ते त्यांचं त्या काळातलं शेवटचं सिंगल.

नव्या आवृत्तीत ते हेडफोन लावून ऐकलं. मागची गिटार इतकी स्वच्छ मी पहिल्यांदाच ऐकली. ताईला लगेच लिंक पाठवली.