अनुभव धागा: जुन्या वाड्यांच्या, महालांच्या बागा आणि कारंजी

तलावपाळीकर
सोसायटीच्या कारंज्याची मोटर जळाली, तर काल मीटिंगमध्ये ते बुजवून पार्किंग करायचं ठरलं. घरी आले आणि इंग्लंडमधला चॅट्सवर्थ महाल आठवत बसले. लेक इंग्लंडला शिकत असताना तिने डर्बीशायरला नेलं होतं. तिथल्या एम्परर कारंज्याला पंपच नाही! रशियाचा झार येणार म्हणून 1844 साली तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने महालाच्या वरच्या अंगाला डोंगरावर तळं खणून घेतलं, रात्रीसुद्धा मशाली लावून काम चालू. तळ्याचं पाणी नळातून उतरतं आणि त्याच जोराने उसळतं. 90 मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार काही आला नाही. मी मात्र तिथून हलायला तयार नव्हते, वारा फिरला की सगळे तुषार अंगावर. तुम्ही पाहिलेलं लिहा ना.

घोडबंदरवाला
बुजवणार?? ताई, आधी मोटर रिवाइंडिंगला देऊन बघा.

वाशी सेक्टर 17
आमची पाणचक्की! संभाजीनगरची. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलंय, उंचावरून हौदात पडतं. त्यावर जातं फिरायचं, दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी दळण व्हायचं. माहेर तिथलंच, पाहुणे आले की पहिली फेरी तिकडे. आई गेल्यापासून जाणं नाही झालं.

घोडबंदरवाला
🙏 जाऊन या एकदा.

नेरुळची सुगरण
श्रीनगरचं शालिमार. पडत्या पाण्यामागे दगडात ओळीने कोनाडे, चिनीखाना म्हणतात. बादशाही काळात रात्री त्यात दिवे लावायचे. सासूबाई कितीतरी वेळ नुसत्या बघत होत्या, मग म्हणाल्या, वाऱ्याने विझत कसे नसतील गं? कुकर झाला, येते.

कळवा लोकल
काय बेत?

नेरुळची सुगरण
डाळिंब्यांची उसळ. सोलता सोलता नखं दुखली.

माजिवडा
रशियातला पीटरहॉफ महाल, सेंट पीटर्सबर्गजवळ. तिथेही पंप नाहीत, वीसेक किलोमीटरवरून कालव्याने पाणी येतं. मधोमध सॅमसन, बायबलमधला बलवान वीर, सिंहाचा जबडा फाडतोय आणि जबड्यातून धार. मूळ पुतळा महायुद्धात गेला, 1947 मध्ये नवा बसवला. हिवाळ्यात कारंजी बंद असतात, मे ते ऑक्टोबर धरून चला. फ्रान्सच्या व्हर्साय महालातही कारंजी ठरावीक वारीच चालू करतात, वेळापत्रक पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका. चौदाव्या लुईच्या काळात सगळ्यांना पुरेल एवढं पाणीच नव्हतं, राजा जवळ आला की कामगार शिट्टी वाजवून पुढच्याला कळवायचे! त्या शिट्टीवाल्यांचा विचार मनातून जात नाही.

ऐरोली
राजस्थानात डीग. जाट राजांचा पावसाळी महाल, शेकडो कारंजी. गच्चीवरच्या टाकीला भोकं आहेत, त्यात रंगाच्या पुरचुंड्या ठेवल्या की रंगीत पाणी. फक्त जत्रेला वगैरे सोडतात. आम्हाला कोरडी दिसली, तरी टाकी बघून जीव हरखला.

कळवा लोकल
डीगला उतरायचं कुठे? बाबांना न्यायचंय, गुडघे दुखतात त्यांचे.

ऐरोली
मथुरा नाहीतर भरतपूर, पुढे गाडी करा. बाबांना खालच्या बागेत बसवा, टाकीपर्यंत पायऱ्या आहेत. थंडीतच न्या.